नास्तिकाला काय काय समजावून सांगावं लागतं? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सव्वीस वर्षं सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. मी देव मानत नाही हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलं आणि ते स्टाफरूममधून हळदीकुंकवापर्यंत, तिथून आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत पोचलं. तेव्हापासून हे प्रश्न सुरू आहेत. काही खोचक, काही खरोखर काळजीपोटी, आणि एक-दोन असे की उत्तर सुचायला मला वर्षं लागली. क्रम लावलेला नाही, आठवले तसे दिलेत.

"मॅडम, तुम्ही नक्की काय म्हणता? देव नाही, की माहीत नाही?"

कुठल्या देवाबद्दल विचारताय त्यावर आहे. "विश्वामागं काहीतरी शक्ती असेल" एवढंच कुणी म्हणालं तर मी म्हणते, "असेलही, मला तसं काही दिसलेलं नाही." पण अमुक वारी उपास धरला की मुलाला नोकरी लावणारा देव, असं म्हटलं की माझं उत्तर सरळ "नाही" असं येतं. पहिल्या वाक्यात तपासण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात आहे, आणि तपासलं की ते टिकत नाही.

शब्दाचा घोळ फार जुना आहे. पाणिनीच्या हिशेबानं "आहे" अशी ज्याची मती तो आस्तिक आणि "नाही" अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही, तर परलोक, असं टीकाकार सांगतात. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणजे वेद मानणारा कुमारिल भट्ट पक्का आस्तिक, आणि हाच सातव्या शतकातला कुमारिल जगाचा निर्माता देव साफ नाकारतो. जैन मंडळी मंदिरं बांधतात, पूजा करतात, पण जगाचा कर्ता मानत नाहीत. आमच्या शाळेतल्या एका जैन बाईंना मी हे म्हटलं तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघी एकाच बाकावर!" मग जरा थांबून, "पण तुम्ही रात्री जेवता."

"देव नाही हे सिद्ध करून दाखवा, मग बोला."

माझ्या मामांचं शेत मोहोळ तालुक्यात. एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला आणि मामांनी पाणाडी बोलावला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि शेतभर चालत राहिला. एका जागी नारळ उभा राहिला. "इथं. तीनशे फुटांवर दोन इंच पाणी."

मामांनी विचारलं, "कशावरून?"

पाणाडी म्हणाला, "नाही कशावरून?"

या प्रश्नाचं मूळ मला त्या बांधावर कळलं. तिथं तीन प्रकारची माणसं असू शकतात. एक म्हणतो, इथं पाणी आहे. दुसरा म्हणतो, या अख्ख्या शिवारात खाली थेंबभर पाणी नाही. तिसरा म्हणतो, तुझ्या नारळावर मी बोअरचा खर्च करणार नाही. पहिल्या दोघांनी पुरावा द्यायला हवा, कारण दोघंही जमिनीखालचं काहीतरी ठामपणे सांगताहेत. तिसऱ्यानं काय सिद्ध करायचं? त्यानं फक्त पाकीट खिशातच ठेवलंय.

बहुतेक नास्तिक तिसऱ्या जागी उभे असतात, आणि वादात जोर चढला की नकळत दुसऱ्या जागी सरकतात. तसं सरकले की त्यांच्यावरही पुराव्याची जबाबदारी येते, आणि ती ढकलून देणं हा लबाडपणा आहे. मी स्वतः तो अनेकदा केलाय.

बोअर पाडला गेलाच. मामींनी आग्रह धरला होता. पाणी लागलं, दीडशे फुटांवर, अर्धा इंच. पाणाडी आजही म्हणतो त्याचं बरोबर आलं, मामा म्हणतात चुकलं. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात पाणी साठतं, म्हणून एका बोअरला लागतं आणि वीस पावलांवर धूळ उडते. अशा जमिनीत डोळे मिटून बोट ठेवलं तरी अधूनमधून पाणी लागणारच. भूजल सर्वेक्षणवाले नकाशे, खडकाचे थर आणि विजेचा रोध मोजून सांगतात, तेही चुकतात. पण आपण कशावरून सांगतोय हे ते दाखवू शकतात.

"बरं, मग हे जग केलं कुणी?"

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय. एकदा तर रिक्षावाल्यानं, सात रस्त्याच्या सिग्नलला, मान मागं वळवून.

आपल्याकडं यावर फार कसून वाद झालेला आहे आणि तो शाळेत कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. न्याय दर्शनातल्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास ईश्वर सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला गाजलेला युक्तिवाद असा: जमीन, अंकुर या गोष्टी कार्य आहेत, केलेल्या आहेत; म्हणून त्यांना कर्ता असणार, जसा घड्याला कुंभार.

माझ्या वर्गात निम्मी मुलं यंत्रमागाच्या घरची. त्यांना मी घड्याऐवजी चादर दिली. चादरीवरची नक्षी आपोआप उमटत नाही. जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, त्याप्रमाणं ताणे वरखाली होतात, आणि ती भोकं कुणीतरी विचार करून पाडलेली असतात. मग हे जग?

एक मुलगी म्हणाली, "बाई, चादर विणताना माझ्या पप्पांना मी रोज बघते. जग विणताना कुणाला कुणी बघितलंय?" मला वाटलं तास संपला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बघितलं नाही म्हणून नाही कसं? माझ्या खापरपणजोबाला तरी कुणी बघितलंय?"

त्या मुलाचा मुद्दा खरा होता. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल अनुमान करता येतं. पण खापरपणजोबाचं अनुमान चालतं ते आपण हजारदा माणसापासून माणूस जन्मताना पाहिलंय म्हणून. चादरीला विणकर असतो हेही आपल्याला चादरीकडं बघून कळलेलं नाही, मागावरच्या माणसाकडं बघून कळलंय. विश्व आपण एकच पाहिलंय, तेही आतून. विणलेली विश्वं आणि न विणलेली विश्वं शेजारी ठेवून बघायची सोय नाही.

कुमारिलाचे आक्षेप याहून धारदार आहेत. सृष्टीच्या आधी देवाला शरीर होतं का? नसेल तर त्यानं काम कशानं केलं? असेल तर ते कुणी घडवलं? दयेपोटी जग केलं म्हणावं, तर दया करायला तेव्हा कुणी जीवच नव्हते. आणि हेतूशिवाय तर मंदबुद्धीचा माणूसही हातपाय हलवत नाही, असं तो बजावतो. वेदांसाठी उभं आयुष्य वेचलेल्या माणसाचे हे प्रश्न आहेत. सांख्यांच्या सूत्रांत तर "ईश्वरासिद्धेः", म्हणजे ईश्वर सिद्धच होत नाही म्हणून, असं एका शब्दात आटपलंय.

यावर श्रद्धावंतांचं सगळ्यांत चांगलं उत्तर असं: देव या साखळीतली कडी नाहीच, तो स्वयंभू आहे, त्याला कर्ता लागत नाही. ठीक. मग एका गोष्टीला "कर्ता लागत नाही" अशी सूट देता येत असेल तर ती विश्वालाच का नको? 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपलस्टन यांचा वाद झाला, तो याच जागी येऊन अडला. रसेल म्हणाले विश्व आहे, बस्स. कोपलस्टन यांना ते "बस्स" पटेना.

विज्ञान सांगतं की विश्व साधारण 13.8 अब्ज वर्षांपूर्वी अतिशय दाट आणि तप्त अवस्थेतून प्रसरण पावू लागलं. त्याच्या आधी काय, "आधी" या शब्दाला तिथं अर्थ आहे का, याचं उत्तर मला माहीत नाही, आणि ज्यांना यातलं माझ्या शंभरपट कळतं त्यांच्यातही एकमत नाही. ही कल्पना मांडणारे लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोपनी तिचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला तेव्हा लमेत्र यांना ते आवडलं नाही. आपलं गणित कुणी देवळात नेऊ नये आणि देऊळ गणितात आणू नये, असं त्यांचं धोरण होतं.

"म्हणजे नास्तिकाला काहीच सांगावं लागत नाही? फार सोपं आहे की तुमचं!"

हा प्रश्न मला आमच्या जावईबापूंनी विचारला होता, आणि मला उत्तर द्यायला वर्षं लागली ती यालाच.

नास्तिकता हे एका प्रश्नाचं उत्तर आहे. तिच्यात भूकंपाचं कारण शोधणं म्हणजे शाकाहारात टोमॅटोचा भाव शोधणं. पाऊस का पडतो ते हवामानशास्त्र सांगेल, माणूस कसा झाला ते उत्क्रांती सांगेल, आणि ही दोन्ही शास्त्रं देव मानणारे लोकही तितक्याच चोख शिकवतात. आमच्या शाळेतले जीवशास्त्राचे सर दर गुरुवारी अक्कलकोटला जायचे आणि सोमवारी डार्विन माझ्यापेक्षा छान शिकवायचे. त्यामुळं "देव नाही म्हणता, मग अमुक कसं झालं ते सांगा" हा डाव मला मान्य नाही. सांगता आलं नाही तरी त्यातून देव सिद्ध होत नाही. फक्त मला ते माहीत नाही, एवढंच सिद्ध होतं.

पण नास्तिक माणसाची गोष्ट वेगळी. त्याला बरंच सांगावं लागतं. माणूस नुसत्या एका "नाही"वर जगत नाही. बरं कशाला म्हणायचं, शब्द का पाळायचा, मेलेल्या माणसाचं स्मरण कसं करायचं, आणि पृथ्वीवर बहुतेक सगळ्या समाजांना देव का सुचला, या सगळ्यांवर त्याचं काही ना काही मत असतंच. त्या मतांचा हिशेब त्यानं द्यायला हवा. "मी फक्त नाकारतो, बाकी मला विचारू नका" असं म्हणणारा माणूस मला वर्गात गृहपाठ न करता आलेल्या हुशार मुलासारखा वाटतो. जाणीव म्हणजे काय, मेंदूतल्या पेशींच्या हालचालीतून "मला दुखतंय" हे वाटणं कसं येतं, याचं उत्तर अजून कुणाकडं नाही. तरी "विज्ञानानं सगळं सिद्ध केलंय" असं ठोकून देणारे नास्तिक मी पाहिलेत. त्यांच्याशी माझं श्रद्धावंतांपेक्षा जास्त वाजतं.

आणि दुसऱ्या बाजूला, "देवानं केलं" या उत्तरानं कुणी केलं हे सांगितलं जातं, कसं ते नाही. पाऊस पडला तर त्याची कृपा, नाही पडला तर परीक्षा. कुठल्याही निकालाला लागू पडणाऱ्या उत्तरातून मला काही कळत नाही. थांबा दोघांनाही येतो, ते देवापाशी थांबतात, मी विश्वापाशी. माझ्या थांब्याला काही इच्छा नाहीत, राग-लोभ नाही, त्याला सोमवार पाळलेला आवडत नाही. थांब्याला जितके जास्त गुण चिकटवाल तितका पुरावा जास्त लागेल, एवढंच माझं म्हणणं.

जावईबापू म्हणाले, "मग आपण दोघंही बसस्टँडवरच." आणि चहा घेतला.

"किल्लारीच्या वेळी तुमचं विज्ञान कुठं होतं?"

किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, लोक विसर्जन करून दमून झोपलेले. सोलापुरात आमच्या मांडणीतली भांडी वाजली आणि सासूबाई देवघराकडं धावल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांना मारलं ते बहुतेक करून त्यांच्याच घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड धाबं, आणि माणसं आत झोपलेली.

प्रश्न विचारणाऱ्याचा मुद्दा बरोबर होता. विज्ञान चुकलं होतं. आपला दख्खनचा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. भूकंप झाल्यावर खडकांचा पुन्हा अभ्यास झाला आणि 2002 मध्ये नकाशा बदलला. घरं बांधायच्या पद्धतीवर नव्यानं विचार झाला. चूक झाली, ती कबूल करून दुरुस्त केली. यानं गेलेली माणसं परत आली नाहीत, आणि त्याबद्दल विज्ञानानं टेंभा मिरवावा असं त्यात काही नाही.

पण मला उलटा प्रश्न पडतो. "हे का झालं" याचं उत्तर माझ्यापुरतं खडकात ताण साठला आणि मोकळा झाला इथं संपतं. त्या ताणाला किल्लारीतली माणसं माहीत नव्हती. दयाळू आणि सर्वशक्तिमान देव मानणाऱ्याला मात्र इथून पुढं सुरुवात करावी लागते. ज्यांनी काही तासांपूर्वी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, तीच का? 1934 मध्ये बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी लिहिलं की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः श्रद्धावान, पण त्यांनी जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती आपल्या 'हरिजन' पत्रात छापली. भूकंप तर स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांच्याही घरांवर आला होता.

पूर्वजन्मीचं कर्म हे उत्तर मला सोलापुरात सर्वांत जास्त ऐकायला मिळतं. ते तर्काला बसवता येतं, पण एखाद्या बाईचं तान्हं ढिगाऱ्याखाली सापडलेलं असताना तिला ते तोंडावर सांगून बघा.

समजावून सांगायचं ओझं कुणावर जास्त, असं विचाराल तर या एका प्रश्नात ते श्रद्धेवर जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते ओझं नाकारायची खोड मोठ्या श्रद्धावंतांना कधीच नव्हती. चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल ठेवू दिलं नाही. मंगळवेढ्यात वेठीनं गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, ते साल 1338 मानलं जातं. विठोबाचं दार त्यांच्या लोकांना उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं. चोखोबांच्या अभंगांत देवाला विचारलेले जाब आहेत, ते मी केलेल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा जड आहेत. फरक एवढाच की ते भांडून पुन्हा त्याच्याच पायरीशी बसले.

"विज्ञान म्हणजे तरी काय? तीही श्रद्धाच ना?"

नळाला आज पाणी येणार असा निरोप आला की आपण पिंप रिकामं करून ठेवतो. तो भरवसा. नाही आलं की नगरसेवकाला फोन जातो, आणि पुढच्या वेळी आपण निम्मंच पिंप रिकामं करतो. ज्या भरवशाला असं कमीजास्त करता येतं तो विज्ञानातला भरवसा. पाणी येवो न येवो, निरोप खराच होता असं म्हणत राहिलो तर ती वेगळी गोष्ट झाली.

"नवस फळतात, भाकणूक खरी ठरते, त्याचं काय?"

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, होमविधीच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, पानसुपारी असं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिचकतं का, मलमूत्र करतं का, यावरून पाऊसपाणी आणि महागाई सांगतात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं.

दरवर्षी मी मुलांना सांगायची: वहीत तीन रकाने करा. काय सांगितलं, काय झालं, आणि आपण नुसताच अंदाज केला असता तर काय सांगितलं असतं. दहा वर्षं लिहा. तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण सोलापूर जिल्ह्यात "पाऊस बेताचा आणि महागाई वाढेल" हे वासरू न विचारताही सांगता येतं. आजवर एकाही विद्यार्थ्याची वही दुसऱ्या वर्षापुढं गेली नाही. माझीही नाही.

नवसाबद्दल एवढंच. फळलेल्या नवसाचा नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. न फळलेला नवस कुणी सांगत नाही.

"देवाची भीती नसेल तर माणूस चोऱ्यामाऱ्या करत सुटेल."

तुम्ही करत सुटाल का? हा प्रश्न मी उलट विचारते तेव्हा समोरचा नेहमी म्हणतो, "मी नाही हो, पण बाकीचे." म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या चांगुलपणाला देव लागत नाही, शेजाऱ्याच्या चांगुलपणाला लागतो.

आगरकरांचं उदाहरण घ्या. ईश्वराबद्दल अज्ञेयवादी, जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. त्याच माणसानं शिक्षण संपताना आईला लिहिलं होतं की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशात राहून मी लोकांसाठी वेळ घालवणार आहे. आणि तसंच केलं. तिकडं आंध्रात गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव यांनी 1940 मध्ये नास्तिक केंद्र काढलं आणि जातीपातींची एकत्र जेवणं घडवली. गांधीजींशी त्यांच्या लांबलचक चर्चा झाल्या. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या जुन्या लोकांना गोरा हे नाव ऐकून माहीत असायचं.

उलट बाजूही आहे. स्टालिनच्या राजवटीत देव नव्हता आणि माणसं लाखांनी मेली. तेव्हा देव नाकारला की माणूस सुधारतो असा दावा मी कधीच करणार नाही. आपल्याला दुसऱ्याचं दुखणं कळतं, आपण टोळीत वाढलो, खोटं बोललेलं पुढं महागात पडतं, यांतून नीती आली असावी असं मला वाटतं. पण "वाटतं" आणि "म्हणून ती पाळायलाच हवी" यांच्यात जे अंतर आहे ते मलाही पूर्ण भरता आलेलं नाही. "देवानं सांगितलं म्हणून" असं म्हणूनही ते भरत नाही. त्यानं उद्या चोरी करा म्हटलं तर?

"इतके संत, इतके वारकरी, सगळे चुकले आणि तुम्ही तेवढ्या शहाण्या?"

माणसं किती यावर खरं-खोटं ठरत नाही, हे उत्तर बरोबर आहे आणि तरी अपुरं आहे. मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की वारीला निघालेली बाई विश्वाच्या उत्पत्तीचा सिद्धांत डोक्यावर घेऊन चाललेली नसते. तिच्या डोक्यावर तुळस असते. तिला विचारलं जग कुणी केलं, तर ती "त्यानंच" म्हणेल आणि पुढं चालायला लागेल. तिथं जाण्यामागं सासरहून पंधरा दिवसांची सुटका आहे, मैत्रिणी आहेत, आईनं केलं ते आपण करण्याचं समाधान आहे, आणि ज्याच्याशी एकेरीत बोलता येतं असा एक जण आहे.

श्रद्धा ही स्पष्टीकरणांच्या परीक्षेत बसलेली विद्यार्थिनी आहे असं समजून आम्ही नास्तिक तिला मार्क देत बसतो. काही कीर्तनकार हौसेनं तिला त्या परीक्षेला बसवतात, "आपल्या पूर्वजांना अणू माहीत होता" वगैरे, तेव्हा ती नापास होते आणि व्हायलाच हवी. पण बहुतेक घरांत ती या परीक्षेचा फॉर्मही भरत नाही.

"अंनिसवाले म्हणजे नास्तिकच ना?"

नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, तिची भूमिका देवाधर्माला विरोध अशी नव्हती. शोषणाला विरोध अशी होती. कार्यकर्त्यांत देव मानणारे पुष्कळ. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही असं स्पष्ट लिहिलंय. कायदा न वाचता भांडणाऱ्यांनी ते कलम तेवढं वाचावं.

"फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?"

सक्ती नाही. सरकार कुणालाही धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये म्हटलंय. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदातलं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य न मानणाऱ्यालाही आहे. कोर्टात किंवा पदाची शपथ घेताना देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करता येते. लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं करता येतं. खिडकीवरचा क्लार्क मात्र "काहीतरी लिवा की ओ" म्हणतोच.

"देव मानत नाही, मग गड्ड्याला कशाला जाता? नैवेद्य कसा करता?"

काठ्या बघायला जाते. बाराबंदी घातलेली माणसं ते उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलत निघतात, ते बघून ज्याच्या अंगावर काटा येत नाही तो सोलापूरचा नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कोरड्या मुलखात माणसं जमवून तळं खोदलं, याबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं ही गोष्ट मी इतिहास म्हणून मानत नाही, पण तो अक्षतासोहळा चुकवतही नाही.

नैवेद्य सासूबाईंसाठी करायची. भोगीची बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, संक्रांतीला शेंगाची पोळी. त्या ताट देवापुढं ठेवायच्या, मी गॅस बंद करायची. आमच्यात ठरलं होतं: मी त्यांना देव नाही म्हणून सांगायचं नाही, त्यांनी मला हात जोड म्हणून सांगायचं नाही. पहिली चार वर्षं हे ठरलेलं नव्हतं. ती चार वर्षं वाईट गेली, त्यात माझा वाटा मोठा होता. बरोबर असणं आणि स्वयंपाकघरात दिवसभर बरोबर असत राहणं यांत फरक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरात मूल नास्तिक झालं म्हणून काळजीत पडलेले आईवडील मला भेटतात, त्यांनाही मी हेच सांगते. आरतीला उभं राहायची सक्ती करू नका, आणि पोरगं आरती चालू असताना भाषण द्यायला लागलं तर त्याला भांडी घासायला पाठवा.

"शेवटच्या घटकेला आठवेलच की देव!"

आठवेलही. माणूस घाबरला की लहानपणी शिकलेलं ओठावर येतं. ठेच लागली की मी "आई गं" म्हणते आणि माझी आई जाऊन तीस वर्षं झाली. त्यावरून ती शेजारच्या खोलीत आहे असं ठरत नाही.

मरण समोर दिसत असताना माणसं दोन्ही प्रकारे ताठ उभी राहिलेली आहेत. इंग्रजांनी 1930 मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात आपल्या चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी लाहोरला भगतसिंग गेले. आपण नास्तिक का, हे त्यांनी तुरुंगात बसून लिहून ठेवलं होतं, आणि मरणाआधी प्रार्थना करणं हा आपल्याला कमीपणा वाटेल असं त्यात बजावलं होतं.

सासूबाई शेवटी दोन महिने अंथरुणाला होत्या. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "खरं सांग, तुझ्या हिशेबानं मी कुठं जाणार गं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, आत्या."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाल्या, "तू सावकाश ये मागनं. मी खिडकीतनं रुमाल टाकून ठेवते."